खरूज बरी होऊन पुन्हा का होते? एकट्याने औषध लावण्याची किंमत सगळं घर मोजतं

वसतिगृहाच्या एका खोलीत चार मुलं राहतात. त्यातल्या एकाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ येतं आणि रात्री खाजेमुळे झोप लागत नाही. लाज वाटते म्हणून तो कुणाला काही सांगत नाही. मेडिकलमधून एक मलम आणतो, दोन-चार दिवस खाजतं तिथे लावतो आणि त्याला बरं वाटतं. महिनाभरात खाज पुन्हा सुरू होते. आता खोलीतला दुसराही खाजवत असतो. दोघेही म्हणतात, "औषध काही लागू पडत नाही."

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात असं कुठेही घडू शकतं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी भाड्याने घेतलेल्या खोलीत घडतं, वाळूजमध्ये कामगारांनी मिळून घेतलेल्या खोलीत घडतं आणि सहा जणांच्या दोन खोल्यांच्या घरातही घडतं. खरूज हा नवा आजार नाही. त्याचं कारण माहीत आहे, औषधं उपलब्ध आहेत आणि तो पूर्ण बराही होतो. तरीही तो परत परत येतो. याचं कारण बहुतेक वेळा औषधात नसतं, ते औषध कुणी, कधी आणि किती जणांनी घेतलं यात असतं.

खरूज नेमकी कशामुळे होते?

सारकॉप्टिस स्केबिआय नावाच्या अतिसूक्ष्म जिवामुळे खरूज होते. इंग्रजीत या आजाराला स्केबीज म्हणतात. हा जीव गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा. मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे ती नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

ही मादी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात बीळ करते. चार ते सहा आठवड्यांच्या आयुष्यात ती रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात आणि साधारण दोन आठवड्यांत मोठी होतात. हे जीव, त्यांची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं शरीर जी प्रतिक्रिया देतं, तीच खाज.

खाज रात्री वाढते. पुरळ ठरावीक जागी दिसतं: बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, काख, बेंबीभोवती, कमरेला जिथे नाडी किंवा पट्टा बसतो तिथे, मांड्या, स्त्रियांमध्ये स्तनाग्रांभोवती, पुरुषांमध्ये जननेंद्रियावर. तान्ह्या बाळांना तळहात, तळपाय, डोकं आणि चेहऱ्यावरही होते. नायटा किंवा गजकर्ण हा वेगळा आजार आहे. तो बुरशीमुळे होतो आणि त्यात बहुधा गोल, कडेला लालसर चट्टा दिसतो. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना रात्री खाज सुटत असेल, तर सर्वांत आधी खरजेचा संशय घ्यावा.

सगळा घोळ होतो तो पहिल्या महिन्यात

खरूज आयुष्यात पहिल्यांदा होते, तेव्हा लागण झाल्यावर लगेच खाज सुटत नाही. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर शरीराने त्या जिवाला 'ओळखलेलं'च नसतं. मात्र या काळात तो माणूस इतरांना लागण देऊ शकतो.

म्हणजे घरात एकाला खाज सुरू झाली, त्या दिवशी बाकीच्यांपैकी एक-दोघांच्या त्वचेतही हा जीव आधीच शिरलेला असू शकतो. त्यांना काहीच त्रास नसतो, म्हणून ते म्हणतात, "मला कुठे काय झालंय? मी कशाला औषध लावू?" खाजणारा औषध लावून बरा होतो आणि काही दिवसांनी त्याच खोलीतल्या, त्याच अंथरुणातल्या माणसाकडून त्याला पुन्हा लागण होते. या दुसऱ्या वेळी शरीर सावध असतं, त्यामुळे खाज एक ते चार दिवसांतच सुटते. त्याला वाटतं जुनाच आजार उलटला. खरं तर तो नव्याने लागलेला असतो.

खरजेच्या उपचारातला सर्वांत महत्त्वाचा नियम यातूनच येतो: एका छताखाली राहणाऱ्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी औषध घ्यायचं.

हा अस्वच्छतेचा आजार आहे का?

नाही. हा गैरसमज खरजेचा सर्वांत मोठा मित्र आहे, कारण त्यामुळे माणसं आजार लपवतात.

रोज दोनदा अंघोळ केली तरी त्वचेच्या आत बिळात बसलेला हा जीव साबणाने निघत नाही. साध्या खरजेत एका माणसाच्या सबंध अंगावर असे जेमतेम दहा-पंधरा जीव असतात. ते उडत नाहीत, उडी मारत नाहीत. एका त्वचेवरून दुसऱ्या त्वचेवर जायला त्यांना बराच वेळ टिकणारा स्पर्श लागतो. एकत्र झोपणं, लहान मुलाला तासन् तास कडेवर घेणं, शरीरसंबंध अशा प्रसंगी हे घडतं. घाईत केलेल्या हस्तांदोलनातून लागण होण्याची शक्यता फार कमी असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने शेफिल्ड इथे स्वयंसेवकांवर याचे प्रयोग केले. खरूज झालेल्या सैनिकांचे कपडे आणि पांघरुणं न धुता या स्वयंसेवकांना वापरायला दिली. बहुतेकांना लागण झालीच नाही. खरूज झालेल्या माणसासोबत एकाच अंथरुणात झोपल्यावर मात्र ती झाली. तोवर सगळा भर कपडे आणि पांघरुणं निर्जंतुक करण्यावर होता. या प्रयोगांनंतर तो माणसांच्या उपचाराकडे वळला.

आजचं उदाहरणही ब्रिटनचंच आहे. तिथे 2023 आणि 2024 मध्ये खरजेचे रुग्ण वाढल्याची चर्चा झाली आणि 2023 मध्ये तर औषधांचाही तुटवडा पडला. नेदरलँड्समध्ये गेल्या दशकभरात तरुण विद्यार्थ्यांमध्ये हा आजार वाढलेला दिसला. चोवीस तास गरम पाणी असलेल्या देशांतल्या विद्यार्थ्यांना खरूज होते, याचा अर्थ स्पष्ट आहे. तिचा संबंध मळाशी कमी आणि दाटीवाटीशी जास्त आहे.

मग संभाजीनगरच्या पाण्याचा काय संबंध?

संभाजीनगरला जायकवाडीच्या नाथसागरातून पाणी मिळतं. धरण भरलेलं असतानाही शहरातल्या अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी आलं आहे. मे 2022 मध्ये याच प्रश्नावर शहरात जलआक्रोश मोर्चा निघाला होता. नव्या पाणीपुरवठा योजनेचा खर्चही 1680 कोटींवरून सुमारे 2740 कोटी रुपयांपर्यंत गेला.

पाण्याच्या टंचाईमुळे खरूज 'होत' नाही. पण खाजवून झालेल्या जखमा स्वच्छ ठेवणं, चादरी धुणं, प्रत्येकाला वेगळा टॉवेल देणं हे सगळं टंचाईत अवघड होतं. जखमांत पू होण्याचा धोका वाढतो. त्यात "आधी सगळं घर धुऊन काढा, मग औषध लावा" असा सल्ला मिळाला, तर पाण्याची वाट बघण्यात उपचारच लांबणीवर पडतो.

मोठं कारण मात्र दाटीचं. हे शहर मराठवाड्याचं शिक्षणाचं आणि उद्योगांचं केंद्र आहे. बीड, जालना, परभणी, हिंगोलीची मुलं इथे शिकायला येतात आणि खोली वाटून घेतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतले कामगारही तसेच राहतात. जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीडमधली ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर साखर पट्ट्यात जातात, कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर गावी परततात. त्यांची मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे असतात. थंडीत सगळे एकाच गोधडीत झोपतात. खरजेला यापेक्षा अधिक सोयीची परिस्थिती मिळणं कठीण.

अशा कुटुंबात उपचार अर्धवट राहण्याची शक्यताही जास्त असते. आई-वडील कोपीवर, मुलं गावात, मोठा मुलगा शहरात खोली करून राहिलेला. 'सगळ्यांनी एकाच दिवशी औषध' हा नियम पाळायचा, तर आधी फोनवरून सगळ्यांना सांगावं लागतं. ज्या आजाराचं नाव काढायलाच लाज वाटते, त्याबाबत हा फोन होत नाही.

मेडिकलमधलं 'खाजेचं मलम' का घातक ठरतं?

खाज सुटली की अनेक जण डॉक्टरांकडे न जाता दुकानात जाऊन 'खाजेचं मलम' मागतात. अशी अनेक मलमं मिश्र असतात. त्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते, पण खरजेचा जीव मरत नाही. उलट त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे तो निवांत वाढतो.

दुसरं नुकसान निदानाचं. पुरळाचं रूप बदलतं आणि डॉक्टरांनाही आजार ओळखणं कठीण जातं. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करण्यावर निर्बंध आणले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटना याबद्दल सातत्याने इशारे देत आल्या आहेत. तरीही मित्राने सांगितलेली नळी आणून लावणं थांबलेलं नाही.

योग्य उपचार कसा असतो?

औषध आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. पण उपचार कसा चालतो हे माहीत असेल, तर तो अर्धवट सुटत नाही.

पर्मेथ्रिन 5 टक्के मलम हा सर्वाधिक वापरला जाणारा उपचार आहे. ते लावताना या गोष्टी पाळायच्या असतात:

• फक्त खाजतं तिथे लावायचं नाही. मानेपासून तळपायापर्यंत सगळ्या अंगाला लावायचं. बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी, काख, जांघा आणि पाठही सोडायची नाही.
• रात्री झोपताना लावून 8 ते 14 तास अंगावर ठेवायचं आणि सकाळी अंघोळ करायची.
• मध्ये हात धुतले, तर हातांना पुन्हा लावायचं.
• 7 ते 14 दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचं. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून निघालेले जीव या फेरीत मरतात.
• लहान मुलांना आणि वृद्धांना डोक्याला व चेहऱ्याला लावायचं का, हे डॉक्टरांना विचारायचं.

एका मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम मलम लागतं. चार मोठी माणसं, दोन वेळा, म्हणजे आठ नळ्या झाल्या. एकच नळी आणून ती चौघांत पुरवली, तर कुणाच्याच अंगाला पुरत नाही. घरात किती माणसं आहेत, हे म्हणूनच डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं. खर्च परवडत नसेल तर तेही सांगायला हवं. शहरात 'घाटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

आयव्हरमेक्टिन या गोळीचाही उपयोग होतो. ती वजनानुसार, सहसा एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिली जाते. गरोदर स्त्रिया आणि 15 किलोपेक्षा कमी वजनाची मुलं यांना ती सहसा देत नाहीत. ज्या शोधातून हे औषध आलं, त्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना 2015 चं नोबेल मिळालं. गंधकाचं मलम हा जुना उपचारही आजही चालतो. तान्ह्या बाळांना आणि गरोदर स्त्रियांना डॉक्टर ते सुचवू शकतात.

सर्वांत जास्त गोंधळ उपचारानंतर होतो. जीव मेले तरी त्यांचे अवशेष त्वचेत काही काळ राहतात, त्यामुळे दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. याचा अर्थ औषध फसलं असा नाही. या भीतीपोटी रोज मलम चोपडत राहिलं, तर त्वचा आणखी चिडते. मात्र महिन्यानंतरही खाज असेल किंवा नवं पुरळ येत असेल, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवायला हवं. पर्मेथ्रिनला हा जीव दाद देत नसल्याची शंका काही देशांत घेतली जात आहे. पण औषध बदलण्याआधी ते सगळ्यांनी, सगळ्या अंगाला आणि दोनदा लावलं होतं का, हे तपासणं गरजेचं ठरतं.

पाणी कमी असेल तर कपड्यांचं काय करायचं?

माणसाच्या अंगाबाहेर हा जीव साधारण दोन-तीन दिवसच जगतो. टंचाईच्या शहरात ही माहिती फार उपयोगाची आहे.

उपचार सुरू करण्याआधीच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी आणि टॉवेल तेवढे महत्त्वाचे. ते गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पाणी नसेल किंवा गोधडी धुण्यासारखी नसेल, तर ती मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावी. आतले जीव उपाशी मरतात. कपड्यांना कडक इस्त्री केली तरी चालते. कपाटातले सगळे कपडे काढून धुण्याची, घरभर कीटकनाशक फवारण्याची किंवा गादी फेकून देण्याची गरज नाही.

औषध लावण्याची रात्र शक्यतो नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवशी ठरवावी. सकाळी सगळ्यांच्या अंघोळीही होतात आणि रात्रीच्या चादरीही धुता येतात. पण पाण्यासाठी उपचार आठ-पंधरा दिवस पुढे ढकलू नये. बादलीभर पाणी आणि एक प्लास्टिकची पिशवी एवढ्यावरही काम भागतं.

लूत लागलेल्या कुत्र्यामुळे खरूज होते का, असंही विचारलं जातं. कुत्र्याच्या अंगावरचा जीव याच जातीचा असला तरी त्याचा प्रकार वेगळा आहे. त्याच्यामुळे माणसाला थोडे दिवस खाज येऊ शकते, पण तो माणसाच्या त्वचेत पिढ्या वाढवत नाही.

'खाजच तर आहे' म्हणून सोडून दिलं तर?

खाजवून त्वचा फाटते आणि त्यातून जिवाणू आत शिरतात. फोड येतात, पू होतो. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा असा संसर्ग झाल्यावर काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. खरजेच्या फोडांनंतर काही आठवड्यांत मुलाचा चेहरा किंवा डोळ्यांभोवतीचा भाग सुजला, लघवी कमी झाली किंवा ती काळ्या चहासारखी दिसू लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

याशिवाय रोजची झोपमोड असते. रात्रभर खाजवणारं मूल वर्गात डुलक्या देतं आणि शिक्षकांना ते आळशी वाटतं. वर्गात कुणाच्या लक्षात आलं, तर त्याला वेगळं बसवलं जातं. पहिला उपचार पूर्ण झाल्यावर मूल सहसा दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊ शकतं, आठवडाभर घरी बसवण्याची गरज नसते.

खरजेचा एक तीव्र प्रकारही आहे. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या किंवा अतिवृद्ध माणसाच्या त्वचेवर जाड खपल्या येतात आणि अंगावर हजारो, कधी लाखो जीव असतात. अशा एका रुग्णामुळे पूर्ण वॉर्डात किंवा वृद्धाश्रमात साथ पसरू शकते. त्याचे उपचार रुग्णालयातच व्हायला हवेत.

एका घराच्या पलीकडे काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात कोणत्याही वेळी 20 कोटींहून अधिक लोकांना खरूज असते. 2017 मध्ये संघटनेने तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

दाट वस्तीत एकेकाला औषध देऊन फारसं साधत नाही, हे फिजी बेटांवरच्या अभ्यासाने दाखवलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन समूह होते. पहिल्यात फक्त रुग्णांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना पर्मेथ्रिन दिलं. तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण सुमारे 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांवर आलं. दुसऱ्यात सगळ्यांना पर्मेथ्रिन दिलं, तिथे ते 42 वरून 16 टक्क्यांवर आलं. तिसऱ्यात सगळ्यांना आयव्हरमेक्टिन दिलं, तिथे ते 32 वरून 2 टक्क्यांवर घसरलं. ज्या वस्तीत दहापैकी एकाहून जास्त माणसांना खरूज आहे, तिथे सगळ्यांना एकत्र औषध देण्याचा विचार आता तज्ज्ञ मांडतात.

महाराष्ट्राच्या आरोग्ययंत्रणेला ही पद्धत परकी नाही. हत्तीरोगासाठी गावच्या गावं एकाच वेळी गोळ्या घेतात आणि नागपूर जिल्ह्यात त्या गोळ्यांत आयव्हरमेक्टिनचाही समावेश झाला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांना तपासतात, त्यांच्या यादीत त्वचारोगही आहेत. कुष्ठरोग शोधताना आशाताई घरोघरी लोकांची त्वचा पाहतातच. वसतिगृह किंवा आश्रमशाळेत एक मूल खाजवताना दिसलं, तर त्या एका मुलाला मलम देऊन भागत नाही. सगळ्या खोलीला, आणि मूल सुट्टीत घरी जाऊन आलं असेल तर घरालाही, एकाच वेळी औषध मिळेल अशी सोय करावी लागेल.

त्यासाठी वॉर्डन, मुकादम किंवा घरमालकाला आधी कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणाऱ्याला खोली रिकामी करायला लावणार नाहीत, एवढी खात्री त्याला हवी. संभाजीनगरच्या पाण्याचा प्रश्न सुटायला कितीही वेळ लागो, खरूज थांबवायला त्याची वाट पाहावी लागत नाही. एका छताखाली झोपणाऱ्यांनी एकमेकांना "मला खाज येतेय" असं वेळेत सांगितलं, आणि सगळ्यांनी एकाच रात्री औषध लावून दुसरी फेरीही चुकवली नाही, तर हा आजार बहुतेक वेळा पंधरवड्यात आटोक्यात येतो.